ज्याच्या हाती डाव

मुंबईहून परत आलेला माणूस आमच्या गावात समुद्राबद्दल बोलतो. मी समुद्र धड पाहिला नाही. ठाकूरद्वारच्या एका गल्लीच्या टोकाला त्याचा तुकडा चमकत होता, पण मला घाई होती आणि त्यालाही माझ्याशी काही काम दिसलं नाही. मी मुंबईला गेलो होतो तो न बोलण्यासाठी. हे वाचून गावातले लोक हसतील हे मला ठाऊक आहे. मी बोलायला लागलो की आमच्या पारावरचा पिंपळ पानं मिटून घेतो, असं म्हणतात. थोडी अतिशयोक्ती आहे. सगळी पानं मिटत नाहीत.

त्यातून मी गावचा पंच. बांधाचं भांडण, बैलाचं भांडण, लग्नात कोणाला आधी वाढलं याचं भांडण, सगळी माझ्याकडे येतात. माझी पद्धत ठरलेली आहे. दोघांना समोरासमोर उभं करायचं, "दोघांचंही थोडं थोडं चुकलंय" म्हणायचं, एकाला पाया पडायला लावायचं, दुसऱ्याच्या हातात नारळ द्यायचा आणि दोघांच्याही तोंडात पेढा कोंबायचा. तोंडात पेढा असला की माणसाला हरकत घेता येत नाही. माझं कायद्याचं ज्ञान एवढंच, पण त्यावर मी अर्धा तालुका शांत ठेवलाय.

म्हणून एसटीच्या ड्रायव्हरनं निरोप आणला की "लालबागच्या सुमनमावशीला दामूबरोबर बसायचंय, तुला बोलावलंय," तेव्हा मला नवल वाटलं नाही. आमच्याकडे पुरुष "बसायचंय" म्हणाला तर बायको कपाटाला कुलूप लावते, पण मावशीच्या बाबतीत तो अर्थ शक्य नव्हता. मी एक नारळ निवडला, शेरभर पेढे घेतले आणि निघालो.

परळ

ज्या मुंबईत प्रत्येक दुसऱ्या खोलीत कोकण राहतं, तिथे कराडहून नारळ घेऊन जाणारा बहुधा मी पहिलाच. परळच्या पुलाच्या जिन्यावर तो पिशवीतून निसटला. घरंगळत निघाला तशी माणसं बाजूला झाली. एका बाईनं हात जोडले. एकानं वाकून नमस्कार केला आणि मग तो कसला होता हे शेजारच्याला विचारलं. खाली एक हवालदार उभा होता, त्याच्या बुटाला लागून नारळ थांबला.

"कोणाचा?" त्यानं विचारलं.

"देवाचा," मी म्हणालो. त्यानं तो मुकाट्यानं परत दिला.

आमच्याकडे मान वर केली की डोंगर दिसतो, इथे गिरण्यांच्या चिमण्या. त्या डोंगरापेक्षा उंच आहेत असं मी गावात सांगितलंय, कोणी विचारलं तर सांभाळून घ्या. संप होऊन दहाएक वर्षं झाली होती. बहुतेक चिमण्यांतून धूर नव्हता आणि एका गिरणीच्या भिंतीतून पिंपळ बाहेर आला होता. मी त्याच्याकडे पाहून घसा खाकरला. त्याची पानं हलली नाहीत. शहरातला पिंपळ, त्याला माझी ओळख नव्हती.

लालबाग

सुमनमावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. एकेकाळी तिची चाळीच्या तळमजल्यावर खानावळ होती. गिरणीतली पन्नासेक माणसं, म्हणजे मेंबर, तिच्याकडे जेवायची आणि सगळी तिला मावशीच म्हणायची. त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की आपल्याला मुंबईत पन्नास मावसभाऊ आहेत. त्यांतलाच एक दामू. मालवणकडचा, लूमवर काम करणारा, वरच्या मजल्यावर आईबरोबर राहणारा.

संपाच्या दुसऱ्या वर्षी एका दुपारी दामूनं ती खानावळ पेटवली. मावशी आत होती. तिचा डावा हात कोपरापर्यंत भाजला आणि खानावळ गेली ती गेलीच. कारण काय, तर संप मोडून आत कामाला गेलेल्यांना मावशी डबे पोचवते. चाळीत तिचं नाव "फितूर" पडलं. दामू पकडला गेला, खटला झाला, शिक्षा झाली. आता ती पुरी भोगून तो वडाळ्याला कोणाकडे तरी पडून होता आणि थकलेल्या आईजवळ परत यायचं म्हणत होता.

"पण डबा जायचा कुठं?" मी विचारलं. मावशी मला झुणका वाढत होती. भोंगा बंद होऊन वर्षं झाली तरी ती त्याच वेळेला तवा टाकते.

"इस्पितळात. शंकर म्हणून मेंबर होता, संपातलाच, छातीच्या दुखण्यानं पडला होता. रस्ता गिरणीच्या मागच्या गेटावरनं जातो, त्याला मी काय करू?"

"मग दामूला कोणी सांगितलं की डबा आत जातो?"

मावशीनं झुणक्याचं पातेलं जरा जोरात खाली ठेवलं. "तेच विचारायचंय. कोणी सांगितलं. मला दुसरं काही नको."

तिचा संशय कोणावर होता ते मला जेवता जेवताच कळलं. या चाळीत एक रीत आहे, ती आमच्या गावात नाही. दुपारी गॅलरीतून वाट्या फिरतात. एका घरची आमटी ताटलीनं झाकून दुसऱ्या दारात जाते, तीच वाटी दुसऱ्या दिवशी निराळं काही घेऊन परत येते. रिकामी वाटी कोणी परत करत नाही. माझ्यासमोर वाट्या आल्या, गेल्या. पण शेजारच्या बायोच्या दाराशी मात्र त्या वळसा घालून जात होत्या. बायो मालवणची, दामूच्याच गावाकडची, आणि मावशीच्या चुलीमागच्या भिंतीला तिची चूल. डबा रोज निघताना तिनं पाहिलेला.

"बायोशी बोलत नाहीस?" मी विचारलं.

"तिचं नाव काढू नको," मावशी म्हणाली. "आणि आणखी एक. दामूबरोबर बसू तेव्हा तू माझ्या बाजूनं बसायचंस. नुसतं बसायचं. बोलायचं नाही."

मी हसलो. ती हसली नाही.

भोईवाडा

दुसऱ्या दिवशी मावशीनं मला शीलाताईकडे पाठवलं. ही नायगावच्या चाळीत वाढलेली वकीलबाई, भोईवाड्याच्या कोर्टात कैद्यांची नि त्यांच्या घरच्यांची कामं बघते. कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर भेटलो. मी रामराम घातला, तिनं जय भीम घातला आणि दोन कटिंग आले.

"याला इंग्रजीत रेस्टोरेटिव्ह जस्टिस म्हणतात," ती म्हणाली.

मी मान डोलावली. रेस्टॉरंटचा न्याय. प्रकरण खानावळीचं असल्यामुळे हे मला अगदी रास्त वाटलं. हॉटेलवाल्यांसाठी वेगळा कायदा असणारच. ती बराच वेळ बोलत होती आणि मी वाट पाहत होतो की आता भज्यांचा उल्लेख येईल. शेवटी मी स्पष्टच विचारलं. शीलाताईनं चहा खाली ठेवला आणि इतकी हसली की टपरीवाल्यानं तिला पाणी दिलं. मग सोपं करून सांगितलं: ज्यानं केलं आणि ज्याला लागलं ते समोरासमोर बसतात, आणि मोडलंय त्यातलं काय जोडता येईल ते बघतात.

"म्हणजे मांडवली," मी चूक सावरत म्हणालो.

आता तिचं हसू गेलं. "हेच. चाळीत सगळे हेच म्हणतायत. मांडवलीत काय होतं, सांगा? तिसरा माणूस दोघांना दाबतो, मधल्या मधे आपलं साधतो आणि ज्याला लागलंय त्याला म्हणतो, विसर आता. इथे विसरायला कोणी सांगत नाही. तुमची मावशी मधूनच उठून गेली तरी तिला कोणी अडवणार नाही."

"बरं, मग पाया कधी पडायचं?"

"कोणी?"

"दामूनं. आणि मावशीनं माफ कधी करायचं? आधी की नारळानंतर?"

"माफी मागायची का, ते त्यानं ठरवायचं. द्यायची का, ते तिनं. नाही दिली तर बैठक फसली असं होत नाही."

"मग त्याची शिक्षा तरी कमी होणार असेल."

"भोगून आलाय की पुरी. आणि भोगत असता तरी मी सूट मागितली नसती. हे तुरुंगाच्या बदल्यात नाही. खटल्यात त्याला सगळं विचारलं गेलं, एक सोडून. मावशींचा प्रश्न. तो विचारायला कोर्टात त्यांना जागाच नव्हती. साक्षीदार म्हणून बोलावलं, विचारलं तेवढं सांगा म्हणाले, आणि घरी पाठवलं."

मी विचार केल्यासारखं केलं. "म्हणजे शेवटी दोघांचंही थोडं थोडं चुकलंय असं..."

"ते वाक्य इथे चालत नाही." माझा सगळा संसार त्या वाक्यावर उभा आहे हे तिला कोण सांगणार. "त्यानं केलं, आणि मी केलं असं तो म्हणतो. त्याशिवाय मी बसवतच नाही. त्याला भेटतेय, मावशींना भेटतेय, वेगवेगळं, कितीतरी महिने. तेव्हा कुठे परवाचा दिवस आलाय. तुमचं काम माहीत आहे ना?"

"बसायचं."

"आणि?"

मी बरंच काही सुचवलं. ती प्रत्येकाला मान हलवत गेली.

ठाकूरद्वार

मधला दिवस मोकळा होता, म्हणून शाळेतल्या मित्राकडे, बापूकडे, ठाकूरद्वारला गेलो. तिथल्या वाड्या इतक्या अरुंद की समोरून कोणी आलं तर एकानं श्वास सोडायचा नि दुसऱ्यानं घ्यायचा. बापूच्या बायकोनं डाळिंब्यांची उसळ केली होती. आमच्याकडे वालाला मोड आणतात, पण ते सोलून एकेक दाणा असा नटवत बसत नाहीत. मी चार वेळा घेतली. पाचव्यांदा पातेलंच माझ्याकडे सरकवण्यात आलं.

बापूनं माझी हकिकत ऐकली आणि हात झटकले. "गुन्हेगारांचे लाड, दुसरं काय. समोर बसवा, चहा पाजा, रडू दे त्याला जरा, की झाला साधू. अशांना फटके पाहिजेत."

मला राग आला. आदल्या दिवसापर्यंत माझं मत जवळपास तेच होतं, म्हणून जास्तच आला. मी म्हणालो, "बापू, तुमचं ते पितळेचं घंगाळ चोरणारा पकडला गेला होता ना?"

"गेला. आत पण गेला."

"मग बरं वाटलं?"

"वाटलं की." बापूनं उसळीतला एक दाणा उगाच बाजूला काढला. "फक्त एक कळलं नाही. या वाडीत इतकी घरं, त्यानं आमचंच का धरलं? आम्ही सगळे आत झोपलेलो. म्हणजे त्यानं आम्हाला बघितलं होतं का आधी?"

"अजून कडी दोनदा तपासतात," त्याची बायको आतून म्हणाली. बापूनं विषय बदलला.

एवढं शहाणपण मिळवून मी काय केलं असेल? कोपऱ्यावरच्या दुकानातून एक शाल घेतली. नारळ होता, पेढे होते, शालीवाचून ते उघडं दिसत होतं.

पुन्हा लालबाग

बैठक चाळीच्या गणपतीच्या खोलीत होती. जागा मावशीनंच निवडली. वर्षभर तिथे मंडळाचं सामान असतं. थर्माकोलचा महाल, झालरी, आणि बैलाएवढा एक प्लास्टरचा उंदीर. गोलात पाच खुर्च्या: शीलाताई, मावशी, मी, दामूची आई आणि दामू. मी राक्षस दिसेल या तयारीनं गेलो होतो. समोर केस पिकलेला, खुर्चीच्या अगदी काठावर टेकलेला माणूस होता.

मी पुढे होऊन शाल, नारळ आणि पेढे मधल्या स्टुलावर मांडले.

"हे काय?" मावशी म्हणाली.

"शाल."

"सत्कार कोणाचा? याचा, का माझ्या हाताचा?"

शीलाताईनं ते सगळं उचलून उंदरामागे ठेवलं. पेढ्यांचा पुडा मात्र मी झटकन मांडीवर घेतला.

मग मावशीनं पिशवीतून एक डाव काढला. आमटी वाढायचा, लांब दांड्याचा, पितळेचा. खानावळीच्या राखेतून तेवढाच सापडला होता आणि घासून घासूनही दांडा काळाच राहिला होता. शीलाताईची रीत अशी की एक वस्तू हातोहात फिरवायची आणि ज्याच्या हातात ती असेल त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. वस्तू कोणती ते मावशीनं ठरवलं होतं. "ज्याच्या हातात डाव, त्यानं बोलायचं," ती म्हणाली. "आधी माझा."

ती आवाज न चढवता बोलली. "भाकरी थापताना हात भाजतो, त्याची सवय असते. हे तसं नव्हतं. या हातात बांगडी चढत नाही. नळावर माझी कळशी मागं सरकवायचे. जे मेंबर माझ्या हातचं खाऊन मोठे झाले ते मला बघायला आले नि दारातनंच गेले, आत फितुराकडं कसं यायचं. जिन्यात मागनं पावलं वाजली की मी अजून भिंतीला चिकटते."

डाव दामूकडे गेला. त्यानं तो दोन्ही हातांत धरला.

"मी केलं," तो म्हणाला. "रॉकेल माझ्या हातानं ओतलं. मावशी आत आहेत हे माहीत नव्हतं, असं कोर्टात बोललो. खरं म्हणजे मी बघितलंच नाय. बघायला पायजे होतं, नाय बघितलं."

मावशीनं डाव मागून घेतला. "कोणी सांगितलं तुला, डबा आत जातो म्हणून?" आणि परत दिला.

मी आयुष्यात अशी शांतता ऐकली नव्हती, कारण ती भरायला मी नेहमी हजर असतो. माझ्या जिभेवर किमान सतरा वाक्यं रांगेत उभी होती. मी पुडा उघडला आणि एक पेढा स्वतःच्याच तोंडात कोंबला.

"कोणीच नाय," दामू म्हणाला.

"बायोनं?" मावशीनं डावाची वाट न बघता विचारलं.

"बायोकाकीनं? नाय हो. तिचा काय संबंध? मी मागच्या गेटाजवळ उभा होतो. मावशींचा डबा मी ओळखला, कडीला लाल चिंधी असायची. डबा नेणारा पोरगा गेटाकडे वळला. मी तिथूनच माघारी फिरलो. कोपऱ्यापर्यंत गेलो असतो तर इस्पितळाकडे जाताना दिसला असता. नाय गेलो."

"आणि फितूर? ते कोणी काढलं?"

"मीच. आग लावल्यावर लोकांना काय सांगू? ते सांगितलं. पकडायला येईपर्यंत सांगत फिरलो."

मी दुसरा पेढा घातला. दामूची आई पदरात तोंड घालून बसली होती. मावशी रडली नाही, ओरडली नाही. ती भिंतीकडे पाहत होती, आणि ती भिंत बायोच्या घराच्या बाजूची होती.

मग तिनं डाव घेतला. "मी माफ केलेलं नाही. पुढचं मला माहीत नाही. आईजवळ राहा, तुझा हक्क आहे. जिन्यात माझ्या मागं असलास तर आधी हाक मार, मला कळू दे कोण आहे. मावशी म्हणून नाही. सुमनबाई म्हणायचं. आणि ज्या तोंडानं फितूर म्हणत फिरलास, त्याच तोंडानं दारोदार जाऊन सांग, डबा कुठं जायचा ते. आजच."

"सांगतो, माव..." तो अडखळला. "सुमनबाई, सांगतो." आगीबद्दल माफी मागतो, हे त्यानं त्यानंतर म्हटलं, आणि मावशीनं ते नुसतं ऐकून घेतलं.

दामू निघाला, आणि शीलाताईनं मला साक्षीला त्याच्याबरोबर पाठवलं. तोंड मिटून. एका घरात टीव्हीचा आवाज कमी झाला, दुसऱ्यात झाला नाही. एका आजोबांनी दोघांनाही चहा दिला आणि म्हणाले, "मला आधीपासूनच वाटत होतं," तेव्हा मला तिसरा पेढा लागला, आणि पुढच्या दारांवर उरलेला सगळा पुडा. एका बाईनं ऐकलं आणि दार लोटून घेतलं. दामू तिथेही शेवटच्या शब्दापर्यंत उभा राहिला. बायोच्या दाराशी मात्र मावशी आधीच येऊन उभी होती.

"हे सोड," ती त्याला म्हणाली. "इथं मी जाते."

माझा कराडचा नारळ अखेर कामाला लागला होता. तो फोडून, खवून तिनं आमटीत घातला होता. एका हातात झाकलेली वाटी, दुसऱ्यात डाव. तिनं कोपरानं कडी वाजवली. बायोनं दार उघडलं, मावशीकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं.

"दामूनं सांगितलं," मावशी म्हणाली. "तू काही बोलली नव्हतीस."

"मी बोलूक नाय ह्या माका म्हायत होता," बायो म्हणाली. "इतकी वर्सां तुका विचारूक काय झाला होता?"

मला एक उत्तर सुचलं होतं, चांगलं होतं, पण पेढे संपले होते तरी मी ते गिळलं. मावशीनं डाव पुढे केला.

"हा धर. आता तू बोल. मी मधे बोलणार नाही."

बायोनं डाव घेतला, काळ्या दांड्यावरून अंगठा फिरवला. "भितर ये," ती म्हणाली. "दारात उभ्यान सरायचा नाय ह्या."

मी गॅलरीत बसून राहिलो. माझी एसटी केव्हाच सुटली असणार. उघड्या दारातून आत पाहिलं तर वाटीतली आमटी निवली होती, मावशी पाटावर बसून ऐकत होती, आणि डाव अजून बायोच्याच हातात होता.